लिनक्स शिकण्यासाठी पुस्तक किंवा वेबसाइट निवडताना या चुका टाळा

कमांड अक्षरन् अक्षर बरोबर टाइप केली, तरी 'कमांड नॉट फाउंड'. पुस्तकात दाखवलेली फाइल आपल्या मशीनवर सापडतच नाही. अशा वेळी नवा माणूस आपल्यालाच काही जमत नाही असं धरून चालतो आणि लिनक्सचा नाद सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा गडबड त्याच्याकडून झालेलीच नसते, हातात घेतलेलं साहित्यच चुकीचं असतं.

तारीख आणि आवृत्ती न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पण म्हणून जुनी पुस्तकं सरसकट टाकू नका. लिनक्समधल्या काही गोष्टी फार सावकाश बदलतात. पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसऱ्या कमांडला देणारी सोय) लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये १९७३ साली आले, आजही तसेच चालतात. फाइलींच्या परवानग्या, प्रोसेस, मजकूर शोधणारी ग्रेप कमांड हे सगळं वीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या पुस्तकातून खुशाल शिका.

शिळी होतात ती सर्व्हिस, नेटवर्क आणि पॅकेजची (म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याची) प्रकरणं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ मध्ये २०१४ साली सिस्टमडी (मशीन सुरू होताना सर्व्हिस चालू करून त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) आलं, २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ ने तेच स्वीकारलं. त्याआधीच्या पुस्तकातली, तेच काम जुन्या पद्धतीने करणाऱ्या इनिट स्क्रिप्टची पानं आज इतिहास म्हणून वाचायची. आयएफकॉन्फिग ही नेटवर्कची जुनी कमांड अनेक नव्या इन्स्टॉलेशनमध्ये नसतेच. तिथे 'आयपी' ही कमांड वापरा. उबंटू सर्व्हरवर नेटवर्कची जुनी 'इंटरफेसेस' फाइल बदलून काहीच होत नसेल, तर १७.१० पासून ते काम नेटप्लॅन या नव्या साधनाकडे गेलंय हे लक्षात घ्या. आणि सेंटओएस ७ वरचा धडा गिरवताना यम (तिथली पॅकेज बसवायची कमांड) 'मिरर सापडत नाही' म्हणून अडलं, तर डोकं खाजवत बसू नका. त्या आवृत्तीचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. तिच्याच धाटणीचं अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स घ्या आणि पुढे चला.

वेबसाइटवर वरती ताजी तारीख दिसली तरी लगेच विश्वास ठेवू नका. तारीख बदलणं सोपं असतं, मजकूर तपासणं कष्टाचं. आत कोणत्या आवृत्तीचं नाव आहे ते शोधा. कुठेच नसेल तर ते पान सोडा. उबंटूवरचं पुस्तक असेल तर ते एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आवृत्तीवर बेतलेलं हवं: तिला ५ वर्षं सपोर्ट असतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. आपल्या मशीनवर काय आहे हे माहीत नसेल तर 'इटीसी' फोल्डरमधली 'ओएस-रिलीज' फाइल वाचा, नाव आणि आवृत्ती दोन्ही तिथे असतात.

नुसता उपाय सांगणाऱ्या पानावर भिस्त ठेवणं

'परमिशन डिनाइड' आलं की सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड) चालवा, असा सल्ला जिथे दिसेल ती वेबसाइट बंद करा. कारण न सांगता दिलेला हा उपाय त्या क्षणी चालतो आणि पुढे भलतीकडेच त्रास देतो. सगळ्या होम फोल्डरवर तो चालवला, तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) तुमची खाजगी की, म्हणजे लॉगिनची गुप्त फाइल, वापरायलाच नकार देतं, कारण ती आता सगळ्यांना वाचता येते. मग माणूस एसएसएचमध्ये दोष शोधत बसतो.

पुस्तक विकत घेण्याआधी मी परवानग्यांचं प्रकरण उघडून दोन गोष्टी बघतो. फोल्डरवरच्या 'एक्झिक्यूट'चा अर्थ 'आत जाण्याची मुभा' असा वेगळा सांगितलाय का? आणि फाइल पुसता येणं हे फाइलच्या नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या 'राइट' परवानगीवर ठरतं, हे लिहिलंय का? दोन्ही असतील तर लेखकाने विषय नीट समजून घेतलाय. नुसता वाचणे, लिहिणे, चालवणे असा तक्ता असेल तर पुस्तक परत ठेवा, मग पानं हजार असोत.

न वाचता कॉपी-पेस्ट करणं

ब्लॉगवरची कमांड पेस्ट करून विचित्र एरर आला, तर आधी अवतरणचिन्हं तपासा. अनेक वेबसाइट साध्या सरळ चिन्हांची वळणदार चिन्हं करतात. शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) ती अवतरणचिन्हं वाटतच नाहीत. दोन हायफनच्या जागी एक लांब रेघ होते, तिचीही तीच गत. ती स्वतः पुन्हा टाइप करा, एरर बहुधा जाईल. कॉपी केलेला मजकूर आधी टेक्स्ट एडिटरमध्ये टाकून बघायची सवय लावा, कारण वेबपानावर न दिसणारी अक्षरंही सोबत येऊ शकतात. आणि इंटरनेटवरची स्क्रिप्ट उतरवून थेट सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवायला सांगितलं असेल, तर ती आधी डाउनलोड करून वाचा. कळत नसेल तर चालवू नका.

मशीनवरचीच मदत विसरणं

मॅन पेज, म्हणजे 'मॅन' कमांडने उघडणारी मदतीची पानं, रुक्ष असतात हे खरं. पण ती तुमच्याकडे बसवलेल्या आवृत्तीचीच असतात, ही खात्री कोणतीही वेबसाइट देऊ शकत नाही. पुस्तकातला पर्याय चालला नाही की पहिली धाव तिकडे घ्या. नुसतं 'मॅन पासवर्ड' नाही, तर 'मॅन पासडब्ल्यूडी' असं कमांडचं नेमकं नाव द्या. तरी हवी ती माहिती दिसत नसेल तर विभागाचा आकडाही द्या: नुसत्या नावाने पासवर्ड बदलायची कमांड उघडते, मध्ये ५ घातला की त्याच नावाच्या फाइलची रचना.