‘ढेकर आला की बरं वाटेल’ : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सोड्याच्या या चुका टाळा

स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, होऊन नववा दिवस. रात्री साडेदहाला फोन आला. “ताई, छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालंय. श्वास पुरा घेता येत नाही. कोल्ड्रिंक नाही हो घेतलं, देवाशप्पथ.” मग काय घेतलं, हे तीनदा विचारल्यावर कळलं. संध्याकाळी पोटात गुबारा धरला होता, म्हणून सासूबाईंनी अँटासिडची फसफसणारी पुडी अर्ध्या पेल्यात कालवून हातात दिली होती. “घे गं, ढेकर आला की बरं वाटेल.” घरात सगळे घेतात तसंच हिनेही फेस ओसरायच्या आत एका दमात घेतलं. ढेकर काही आला नाही.

मी तिला लगेच सर्जनना फोन लावायला सांगितलं. तपासणीत सुदैवाने टाके शाबूत निघाले, तासा-दीड तासात गॅस उतरला. पण आहारतज्ज्ञ म्हणून मी त्या रात्री एक धडा घेतला. “सोडा बंद” असं आम्ही डिस्चार्जच्या वेळी सांगतो तेव्हा पेशंटला ऐकू येतं ते “कोल्ड्रिंक बंद”. आपल्या घरात मात्र सोडा हे पेय कमी आणि औषध जास्त आहे. जड जेवण झालं की जिरा सोडा, मळमळलं की मीठ घातलेला लिंबू सोडा, गॅस झाला की खायच्या सोड्यावर लिंबू पिळून. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची ही चूक बहुतेक वेळा जिभेच्या हौसेने होत नाही. ती मायेने होते, आणि अगदी पहिल्या पंधरा दिवसांत होते, जेव्हा ती सगळ्यात महागात पडते.

ढेकर येतो कसा, आणि आता का येत नाही

जठराच्या वरच्या टोकाला डाव्या बाजूला घुमटासारखा फुगीर भाग असतो. गॅस हलका, तो वर चढून तिथे साठतो. घुमटाची भिंत ताणली गेली की अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप क्षणभर सैल होते आणि ढेकर येतो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि हा घुमट त्यातच जातो. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतं. तिच्या खालच्या टोकाचं दार शाबूत असतं, वरची झडप असते, आणि गॅस या दोन्हींच्या मधे कोंडतो. मग एक तर छातीखाली घट्ट दुखतं, नाहीतर तो गॅस आम्ल सोबत घेऊनच वर येतो. स्लीव्हनंतर जळजळीचा त्रास तसाही अनेकांना होतो. सोडा त्यात भर घालतो.

आता बाटलीकडे बघा. कोल्ड्रिंकमध्ये त्याच्या आकारमानाच्या तीन ते चारपट कार्बन डायऑक्साइड दाबून विरघळवलेला असतो. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत जवळजवळ लिटरभर गॅस. सगळा पोटात सुटत नाही हे खरं. बराचसा ग्लासात आणि तोंडातच उडतो. पण चौथा हिस्सा आत गेला तरी तो त्या नळीला पुरून उरतो. जठराच्या बायपासमध्ये, म्हणजे जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात त्या शस्त्रक्रियेत, तर ही वरची पिशवी सुरुवातीला दोन टेबलस्पून, म्हणजे ३० मिलिलिटरच्या आसपास असते.

“सोड्याने पोट पुन्हा पसरतं” ही भीती बरेच जण घालतात. सोड्यामुळे जठर कायमचं सैल होतं, याला भक्कम पुरावा नाही, म्हणून मी ते सांगत नाही. खोट्या धाकाने पेशंट एकदा घाबरतो, आणि चोरून चार घोट घेतल्यावर काही झालं नाही की आमच्या बाकीच्या सांगण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. दुखणं, जळजळ, उलटी आणि पातळ रूपात पोटात जाणारी साखर ही चार कारणं खरी आहेत आणि पुरेशी आहेत.

खांद्यातल्या गॅससाठी पोटात सोडा

ही चूक स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण ती पहिल्या तीन दिवसांत होते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटाची पोकळी फुगवायला हाच वायू, कार्बन डायऑक्साइड, वापरतात. शेवटी तो काढून टाकतात, थोडा राहतोच. पडद्याखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूखाली, तो टोचत राहतो आणि दुखतो मात्र खांदा. डॉक्टर म्हणतात, “गॅसचं आहे, जाईल.” घरचे ‘गॅस’ हा शब्द ऐकतात आणि पुडी आणायला धावतात.

तो गॅस जठरात नसतोच. तो जठराबाहेर, पोकळीत आहे. ढेकरेवाटे यायला त्याला वाट नाही. रक्तात शोषला जाऊन दोन-तीन दिवसांत तो आपोआप कमी होतो, आणि त्यावर उपाय म्हणजे वॉर्डात दर दोन-एक तासांनी फेऱ्या मारणं. सोडा घेतला तर बाहेर एक गॅस आणि आत दुसरा, एवढंच होईल.

‘फसफसतं’ ते सगळं सोड्यातच धरा

पेशंटच्या नातेवाइकांना मी हीच खूण सांगते. नाव कळायची गरज नाही, बुडबुडे दिसले की नको. गोटी सोडा, जिरा सोडा, टॉनिक वॉटर, बाटलीतलं स्पार्कलिंग पाणी, फ्रूट बिअर, कोंबुचा, सगळं यात आलं. आणि हो, औषधंही. पाण्यात टाकल्यावर विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या व्हिटॅमिनच्या असतात, कॅल्शियमच्या असतात, पॅरासिटामॉलच्याही असतात. शस्त्रक्रियेनंतर व्हिटॅमिन आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचं असतं, तेव्हा औषधाच्या दुकानात आठवणीने चघळायची गोळी किंवा पातळ औषध मागा.

गोव्यात आणि कोकणात उर्राकात किंवा फेणीत लिंबाचं कोल्ड्रिंक घालून पितात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे प्रश्न दुहेरी आहे. स्लीव्ह किंवा बायपासनंतर दारू रक्तात फार झपाट्याने चढते. पूर्वी तीन पेल्यांनी न चढणाऱ्या माणसाला एक पेला पुरतो. पहिलं वर्षभर तरी अजिबात नको, आणि पुढेही सर्जनशी बोलल्याशिवाय नको. पिऊन गाडी चालवणं तर नाहीच.

गॅस काढला, म्हणजे चालेल?

ही पळवाट प्रत्येक जण शोधतो. ग्लासात ओतून ठेवायचं, चमच्याने ढवळायचं, चिमूटभर मीठ टाकून फेस काढून टाकायचा आणि मग प्यायचं. गॅस निघून जातो, कबूल. साखर कुठे जाणार? ३०० मिलिलिटर कोलात तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. सुरुवातीच्या महिन्यांत दिवसभराचं खाणंच जेमतेम ६०० ते ८०० कॅलरींचं असतं, त्यातल्या सव्वाशे अशा वाया घालवायच्या? पातळ पदार्थ नळीतून सरळ खाली जातो, पोट भरल्याची जाणीवही देत नाही. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं पोटात घालताना ज्यांची दमछाक होते त्यांनी हा हिशेब स्वतः मांडून बघावा.

बायपासवाल्यांना त्यातून डम्पिंग होऊ शकतं. जठराच्या खालचं दार आता वाटेत नसल्यामुळे गोड द्रव एकदम लहान आतड्यात पडतो, आतडं पाणी ओढून घेतं, आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा, जुलाब. काहींना हे एक ते तीन तासांनी वेगळ्या रूपात होतं. साखर आधी चढते आणि मग धाडकन उतरते. हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते.

डाएट सोड्यात साखर नाही, पण गॅस आहे, आम्ल आहे, बहुतेक कोलांत कॅफीनही आहे. जळजळ असणाऱ्याला त्याचा फायदा काहीच नाही.

आणि सोडा सोडून सरबताकडे वळणं हीसुद्धा चूकच. तयार कोकम सरबत, पन्हं, आमरस ही ‘घरची’, ‘नैसर्गिक’ म्हणून पोटात जातात. साखर घरची असली तरी साखरच. आगळ चालेल, चमचाभर, पाण्यात, साखरेशिवाय, आणि जळजळ नसेल तर. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर हिंग घातलेलं पातळ ताक तर उत्तमच. ज्यांना सोड्याचा तो जिभेवरचा चावा हवासा वाटतो, त्यांना मी गार पाण्यात आल्याची चकती आणि दोन पुदिन्याची पानं तासभर ठेवायला सांगते, पहिले दोन महिने झाल्यावर. आल्याची झणझण त्या चाव्याच्या बरीच जवळ जाते.

सोडा घेतलाच नाही, तरी पोट फुगतंय

मग हवा कुठून जातेय ते शोधा. स्ट्रॉ काढून टाका. घटाघटा पिणं बंद. औषधाच्या बाटलीसोबत छोटं माप येतं ना, ३० मिलिलिटरचं, ते घ्या. दर पंधरा मिनिटांनी एक माप, तेही तीन-चार घोटांत. दिवसातले बारा तास हे जमलं की दीड लिटरच्या जवळ पाणी होतं. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबा.

प्रथिनांची पावडर शेकरमध्ये हलवली की वर बोटभर फेस येतो. तो फेस म्हणजे हवाच. दहा मिनिटं बाजूला ठेवा, बसला की प्या. घुसळलेल्या ताकाचंही तेच. च्युइंगम नको. शुगर-फ्री गोळ्यांच्या पाकिटावर सॉर्बिटॉल लिहिलं असेल तर त्यानेही गॅस होतो. हे सगळं करून भागलं नाही तर दूध बघा. शस्त्रक्रियेनंतर काहींना दूध पचेनासं होतं, आणि साध्या व्हे पावडरीतही दुधातली साखर असते. चार दिवस दूध बंद करून दही आणि पनीरवर राहून बघा; फरक पडला तर पावडर बदलायची, आयसोलेट प्रकारची, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेली, घ्यायची.

वर्ष-दोन वर्षांनी काही जणांना चार घोट सोड्याने काहीच होत नाही, हेही मी पाहिलंय. त्यांना मी रागवत नाही. एवढंच विचारते की चार घोटांची बाटली कधी झाली. वजन परत चढू लागलेल्यांच्या खाण्याच्या वहीत ताटापेक्षा ग्लासातल्या नोंदी मला जास्त दिसतात.

चुकून प्यायलं गेलं, आता काय करायचं

पहिलं म्हणजे घरच्यांनी ओरडू नये. माणूस घाबरला की आणखी हवा गिळतो. उभं राहायचं किंवा ताठ बसायचं, कमरेची नाडी किंवा पट्टा सैल करायचा, सावकाश घरातल्या घरात चालायचं. आडवं व्हायचं नाही. ‘खाली ढकलायला’ वरून पाणी प्यायचं नाही. ते गॅसवर जाऊन बसतं. घशात बोटं घालून उलटी काढायची नाही, टाके ताजे असताना तर मुळीच नाही. कळ कमी झाली की अर्ध्या तासाने कोमट पाण्याचा एक घोट. दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नका. बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचं ते एक मोठं कारण आहे. पहिल्या महिन्यात असं झालं तर त्रास थोडा असला तरी सर्जनच्या टीमला कळवा.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही, रात्र असली तरी रुग्णालयात जायचं. बसल्या जागी नाडी १२० च्या वर राहणं, ताप, धाप लागणं, पोटातलं न थांबणारं दुखणं, पाण्याचा घोटही न टिकणं, काळी शी किंवा रक्ताची उलटी. यातली पहिली तीन टाक्यांतून गळती झाल्याचीही असू शकतात, आणि “सोड्यानेच झालं असेल” म्हणत घरी बसण्यात मोलाचे तास जातात.

उलट्या दोन-तीन दिवस चालल्या असतील तर आणखी एक गोष्ट. शरीरातला बी१, म्हणजे थायमिन, फार लवकर संपतो, आणि तो न देता नुसती ग्लुकोजची ड्रिप लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर शस्त्रक्रिया कुठली आणि कधी झाली, उलट्या किती दिवस आहेत, हे आधी सांगा आणि बी१ देणार का, हे विचारा. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो पेशंटच्या फोनमध्ये असतोच. घरातल्या आणखी दोघांच्या फोनमध्येही ठेवा.