विमानात बॅगा चढवताना कंबर आणि खांदा कसा सांभाळावा

देशांतर्गत प्रवासात चेक-इन बॅगेची मर्यादा बहुतेक कंपन्यांत १५ किलो असते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर लोडिंग करणाऱ्या धडधाकट पोराला हे वजन किरकोळ वाटते. पण कंबर नुसत्या वजनाने जात नाही. ती हात लांबवून आणि अंग पिळून उचलल्याने जाते.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचे सूत्र हेच सांगते. ओझे अंगालगत, कमरेच्या जरा खाली आणि पाठ न वळवता उचलले, तर मर्यादा २३ किलो. तेच ओझे घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे धरले की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. त्यात अंग काटकोनात वळवले तर जेमतेम ८ किलो उरतात, आणि एकामागून एक बॅगा उचलताना त्याहूनही कमी. मग १५ किलोची बॅग किरकोळ राहत नाही.

म्हणून सगळ्यात आधी ट्रॉली नीट लावा. ती दरवाज्याला खेटून लावली की पाय जागेवर राहतात आणि कंबर फिरते. मध्ये दीड-दोन पावलांची जागा सोडा, म्हणजे पाऊल टाकावेच लागते. आधी बॅग ओढून ट्रॉलीच्या कडेला आणा, पोटाशी घ्या आणि पायाची बोटे जिकडे बॅग न्यायची तिकडे वळवा. ट्रॉलीच्या पलीकडच्या कडेची बॅग वाकून ओढू नका, फिरून त्या बाजूला जा.

एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानाच्या पुढच्या सामानाच्या दरवाज्याचा उंबरठा साधारण छातीपर्यंत येतो. बॅग एका झोक्यात आत फेकली की सगळा ताण खांद्यावर येतो. आधी बॅगेची कड उंबरठ्यावर टेकवा, मग दोन्ही तळव्यांनी ढकला. आतल्या माणसाने ती उचलू नये, सरकवत न्यावी. जड बॅगा खाली, हलक्या वर. एम्ब्रेयर १७५ या जेट विमानात सामान प्रवाशांच्या पायाखालच्या कप्प्यात जाते आणि तिथे उभे राहता येत नाही. गुडघ्याला जाड पॅड बांधा, दोन्ही गुडघे बॅगेच्या दिशेने वळवूनच ढकला. कप्प्यातला माणूस प्रत्येक विमानाला बदला, कारण सगळ्यात अवघड जागा तीच.

कोल्हापुरातून जाणाऱ्या सामानात एक फसवी गोष्ट असते, ती म्हणजे गुळाचे खोके. आकार लहान, वजन मोठे. डोळ्यांनी हलके समजून झटक्यात हात घातला की उसण भरते. अनोळखी खोके आधी एका कोपऱ्यावर किंचित कलवून वजनाचा अंदाज घ्या. काउंटरवर २३ किलोच्या वरच्या नगाला जडचा टॅग लागलाच पाहिजे, आणि असा नग दोघांनी, ‘एक, दोन, उचल’ म्हणत एकदमच उचलावा. ३२ किलोच्या वरचा नग घेऊच नये. प्रवाशाला तिथेच दोन खोकी करायला सांगा. ही जबाबदारी काउंटरची आहे, लोडरच्या कंबरेची नाही.

तालमीत अंग गरम केल्याशिवाय कुणी कुस्तीला उभे राहत नाही. इथेही विमान येण्याआधी पाच मिनिटे खांदे फिरवणे, हलक्या बैठका आणि जागेवर चालणे एवढे पुरे. कंबरपट्ट्यावर भिस्त ठेवू नका. निरोगी माणसाची इजा तो टाळतो याला पुरेसा पुरावा नाही, आणि तो बांधला की माणूस जास्त वजन उचलायचे धाडस करतो. पावसाळ्यात ट्रॉलीचा पत्रा आणि बॅगेच्या मुठी निसटतात. रबरी पकडीचे हातमोजे आणि न घसरणारे बूट तेव्हा पट्ट्यापेक्षा जास्त उपयोगी.

उसण भरलीच तर दोन-चार दिवस जड उचलणे बंद करा, पण अंथरुणाला खिळून राहू नका; थोडे थोडे चालत राहा. पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायची पद्धत गावोगाव आहे. कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर पाठीला धक्का, लाथ, जोराची मालीश काहीही नको, डॉक्टरांकडे जा. पाय लुळा पडू लागला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर उद्यावर न ढकलता त्याच तासाला रुग्णालय गाठा. आणि सुपरवायझरने दुखण्याची नोंद पहिल्याच दिवशी करावी, म्हणजे कोणत्या जागेवर, कोणत्या विमानाला इजा होते ते कळते आणि तिथली ट्रॉली किंवा पाळी बदलता येते.