कुत्र्याला कच्च्या मांसावर आणताना : काटा, हाडं आणि कलेजी

कच्च्या आहारात गडबड होते ती बहुतेक वेळा हाडात नाहीतर कलेजीत. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. ते भरून निघतं हाडातून. कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज जास्त गेली तर ते अंगात साठून त्रास देतं. म्हणून आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. अंदाजपंचे चालत नाही.

प्रौढ कुत्र्याला दिवसाला वजनाच्या २ ते ३ टक्के खाणं लागतं. २० किलोच्या कुत्र्याला अडीच टक्क्यांनी ५०० ग्रॅम. त्यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के गुर्दा किंवा तिल्ली (प्लीहा). दिल (हृदय) म्हणजे स्नायूच, ते मांसात धरा. आता ५० ग्रॅम हाड म्हणजे ५० ग्रॅम कोंबडीच्या माना नव्हेत, इथेच अनेकांचा हिशोब चुकतो. मानेत साधारण ३६ टक्के हाड असतं, म्हणून माना घ्यायच्या १४० ग्रॅम. त्यांतून ९० ग्रॅम मांसही मिळतं. वर ३१० ग्रॅम बिनहाडाचं मांस, २५ ग्रॅम कलेजी, २५ ग्रॅम गुर्दा. झाले ५०० ग्रॅम.

बदल दहा दिवसांत करा. पहिले तीन दिवस पाव भाग कच्चं, पाऊण भाग नेहमीचं खाणं. पुढचे तीन दिवस अर्धं-अर्धं. मग तीन दिवस पाऊण भाग कच्चं. पोट नाजूक असेल तर तीन आठवडे लावा. या काळात मांस एकाच प्राण्याचं, कातडी आणि चरबी काढलेलं. दोन-तीन प्रकार एकदम दिले आणि जुलाब झाले, तर कशाने झाले ते कळणारच नाही. माना अर्ध्या-अर्ध्या टप्प्यापासून, कलेजी पूर्ण कच्च्यावर आल्यावर आणि तीही वाटाण्याएवढ्या तुकड्यापासून.

रोज शी बघा, तीच खरी मोजपट्टी. पांढरट, खडूसारखी भुगा होणारी शी आणि कुंथणं म्हणजे हाड जास्त. काळपट, पातळ म्हणजे कलेजी-गुर्दा जास्त किंवा घाईने वाढवलेले. मात्र डांबरासारखी काळी, चिकट शी, रक्त, वारंवार उलट्या किंवा पाठ वाकवून पोट दुखल्यासारखं उभं राहणं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. चरबीचा अचानक मारा झाला की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

शिजवलेलं हाड कधीही नको. ते ठिसूळ होऊन टोकदार फुटतं. मोठ्या जनावराच्या मांडीच्या नळीने दात तुटतात. गिळण्याची घाई करणाऱ्या कुत्र्याला माना खिमा करून द्या. हाड अजिबात द्यायचं नसेल तर एक किलो मांसाला अंड्याच्या कवचाची बारीक पूड एक चहाचा चमचा, सुमारे ५ ग्रॅम.

एवढ्यावर आहार पूर्ण होत नाही. जस्त, मँगनीज, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हमखास कमी पडतात. कायमचा आहार पशु-आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. वाढत्या पिल्लाला, विशेषतः मोठ्या जातीच्या, वरचं प्रमाण लावू नका. कॅल्शियम थोडं चुकलं तरी हाडं बिघडतात.

फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवल्याने माशातले परजीवी मरतात, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू मात्र मरत नाही. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर कच्चं मांस टाळा, शिजवलेला आहार आखून घ्या. मांस फ्रिजमध्येच वितळवा, सुरी-पाट वेगळे ठेवा. अर्ध्या तासात संपलं नाही तर वाडगा उचला आणि गरम साबणाच्या पाण्याने धुवा.

दर दोन आठवड्यांनी वजन करा. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात. लागत नसतील तर एकूण खाणं १० टक्क्यांनी कमी करा, पण प्रमाण तेच ठेवून.