गादीत शू व्हायची सवय सोडवणारा अलार्म: आधी झोप मोडते, मग लागते

मेणकापड, जादा चादरी, दोन-तीन चड्ड्या उशाशी हे सगळं तुमच्याकडे असेलच. आणि मूल 5 वर्षांच्या आतलं असेल तर काहीच करू नका, वाट बघा. माझा लेक 8 वर्षांचा असताना आम्ही हे अलार्मचं सुरू केलं, मग नणंदेच्या मुलीचं केलं, मग सोसायटीतल्या दोघांचं, त्यामुळे आता कुणी "झोपताना तिळाचा लाडू दे गं" म्हटलं की मी नुसती हसते. लाडू द्या ना, चांगलाच असतो, पण गादी त्याने कोरडी राहत नाही.

पहिलं काम डॉक्टर. लघवी तपासायची आणि पोट रोज साफ होतं का ते बघायचं, कारण आतडं तुंबलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो आणि मग तुम्ही काहीही करा. पोर घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर तेही सांगा. सहा महिने कोरडं राहून अचानक परत सुरू झालं, वर सारखी तहान लागतेय, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी शुगर तपासा.

दुसरं पाणी. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते आणि संध्याकाळी खेळून आल्यावर तीन ग्लास ढोसतात, ते उलटं करा. झोपायच्या आधी दोनदा शू. झालं.

आता अलार्म. चड्डीला सेन्सरची क्लिप, ओल लागली की बीप. दिसायला सोपं, आणि इथेच सगळे हरतात, मीही हरले होते.

आधी एक गैरसमज काढून टाका, की ही पोरं फार छान गाढ झोपतात. उठत नाहीत हे खरं, पण 2008 साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा मुलांची झोप रात्रभर मोजली तेव्हा ती उलट तुटक निघाली, मूत्राशय आतून सारखं दार ठोठावतंय, झोप वर येतेय पण पूर्ण जाग काही येत नाही. म्हणून सकाळी चार हाका मारून, पांघरूण ओढूनही पोर उठत नाही आणि वर्गात जांभया देतं. आपल्याला वाटतं आळशी आहे.

आणि रात्री 12 ला उचलून बाथरूमला नेणं? मी दीड वर्ष केलंय. गादी वाचते, पण वेळेवर उठायला शिकले ती मी, तो नाही.

पहिले दोन-तीन आठवडे अलार्मने नवरा उठतो, सासूबाई उठतात, मूल सोडून सगळे उठतात. आम्ही चौथ्या रात्री यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, सहा महिने तिथेच पडलं. चूक माझी होती, बीप झालं की मीच बंद करायचे, म्हणजे त्याच्यासाठी ते वाजलंच नाही. त्याच खोलीत झोपा, वाजलं की त्याला हलवा, उभं करा, तोंडावर ओला हात फिरवा, पण बटण त्यानेच दाबायचं. डोळे उघडे दिसले म्हणून फसू नका. आमचा "हो आई" म्हणून ताडकन उठला आणि कपाटाचं दार उघडून त्यासमोर चड्डी खाली करून उभा राहिला! तेव्हापासून रोज झोपताना पासवर्ड ठरवायचो, भेंडी, पानिपत, काहीही. सांगता आला तर जागा, नाहीतर परत हलवा. मग बाथरूम, उरलेली शू, नवी चड्डी, क्लिप परत लावा, झोपा.

या दिवसांत झोपेची वाट लागते, सगळ्यांची, हे आधीच मान्य करा. म्हणून परीक्षेच्या तोंडावर सुरू करू नका, दिवाळीची सुट्टी बेस्ट, मे महिन्यात घामाने उगाच वाजतं. मुलाला अर्धा तास लवकर झोपवा. कालनिर्णयवर वाजल्याची वेळ लिहा, कारण सुधारणा तिथेच दिसते, साडेअकराचे दोन होतात, दोनाचे पाच, आणि ताटाएवढा डाग पुरीएवढा होतो. सलग 14 कोरड्या रात्री झाल्या की काढा. दोन-तीन महिने धरून चाला, तिघांतल्या साधारण दोघांना गुण येतो. नाहीच आला तर थोडे महिने थांबून परत. आमच्याकडे त्यानंतर तो सकाळी एका हाकेत उठायला लागला, गादीपेक्षा मला त्याचंच जास्त कौतुक.

सहल किंवा लग्नघर असेल तर रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी असते, पण डॉक्टरांनी दिली तरच. ती घ्यायच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळपास बंद, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते भयंकर प्रकरण आहे. उलट्या-जुलाब, ताप असताना तर नकोच.

ओरडायचं नाही, आणि गोधडी गच्चीवर वाळत घालताना शेजारणीला कारण सांगायचं नाही.

काम झालं की यंत्र फेकू नका. आमचं आता पाचव्या घरी गेलंय, क्लिप पुसून, सेल नवे घालून.