कार एसीचं काम शिकताना: बेळगावात काटा सत्तावीसवरच थांबतो

आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागलेली मुलं मला एकच विचारतात, "दादा, एसीचं काम किती दिवसांत येतंय?" पार्ट काढून बसवायला चार-सहा महिन्यांत येतं. जुना पार्ट कशानं गेला हे शोधायची सवय लागायला मला फार वेळ लागला. ती लागली निपाणीच्या एका टॅक्सीमुळे.

त्या गाडीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, जाम झाला होता. मी नवा बसवला, गॅस भरला, गाडी गार झाली. तीन आठवड्यांत नवा कॉम्प्रेसरही आवाज करू लागला. उस्तादांनी एक्सपान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस बारीक भोकातून सोडून गार करणारा पार्ट, काढून माझ्या तळहातावर झटकला. काळपट चिखल पडला, त्यात चमकणारा कीस. जुन्या कॉम्प्रेसरचा चुरा कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत, राहिला होता आणि तेलाबरोबर फिरत नव्यात शिरला होता. हल्लीच्या कंडेन्सरमधल्या वाटा इतक्या बारीक असतात की फ्लश मारूनही त्या पुऱ्या साफ होत नाहीत. म्हणून कॉम्प्रेसर असा आतून झिजून गेला असेल तर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हही बदलायचे. खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाही पटला तर काम घेऊ नका. त्या टॅक्सीवाल्या मामांचे बुडालेले दिवस मला अजून डाचतात.

ड्रायरच्या आत ओल शोषणारे दाणे असतात. टोपणं काढली की ते हवेतली ओल ओढायला लागतात. पावसाळ्यात, त्यातही खानापूरकडच्या झडीत, ड्रायर उघडा टाकून जेवायला गेलात तर तो बसवण्याआधीच निम्मा कामातून गेला समजा. तो सगळ्यात शेवटी उघडायचा आणि लगेच व्हॅक्यूम लावायचा, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढायची. आत ओल राहिली तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो. मग गाडी थोडा वेळ गार, मग गरम, बंद करून ठेवली की पुन्हा गार. गिऱ्हाईक "गाळी बरतैती, तंप इल्ला" म्हणालं, तर वारं येतं पण गार नाही एवढंच कळतं. पहिल्यापासून गार नाही की मधूनच जातं, हे त्याच्याच भाषेत खोदून विचारा. इथं मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही लागतात.

आता व्हॅक्यूम. पुस्तकात २९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं. शिकत असताना माझ्या गेजचा काटा सत्तावीसच्या वर जाईना. लीक आहे समजून मी सगळे जोड उघडले, ओ-रिंग बदलल्या, दिवस गेला. लीक नव्हतंच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, इथं हवेचा दाबच कमी. दर ३०० मीटरला साधारण १ इंच कमी धरा. म्हणजे इथं २७ म्हणजे जवळपास पुरा व्हॅक्यूम. तोच पंप, तेच गेज चोर्ला घाटाखाली गोव्यात नेलं तर २९ दाखवेल. काटा किती वर गेला यापेक्षा पंप बंद केल्यावर तो जागचा हलतो का, ते बघा. मी पाऊण तास पंप चालवतो आणि अर्धा तास काटा बघत थांबतो. पाणी कमी दाबात गार असतानाच उकळून वाफ होतं, ती वाफ बाहेर ओढायला पंपाला एवढा वेळ लागतोच.

लीक शोधायला नायट्रोजन वापरा, तोही रेग्युलेटर लावून, आणि जोडांवर साबणाचं पाणी. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. गॅसचा द्रव कातडीवर पडला तर कातडी गोठते, चष्मा आणि हातमोजे घालाच.

गॅस वजनावर भरायचा. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. इंजिन बंद असताना गेज बघून "गॅस फुल्ल आहे" म्हणणारे भेटतील. ते चूक आहे. ३० अंश तापमानाला आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो आणि आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी काटा तेवढंच दाखवतो. काही नव्या गाड्यांत वेगळा गॅस येतो, त्यामुळे स्टिकर वाचल्याशिवाय नळी लावू नका.

तेलाचंही तसंच. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल मापात ओता. नव्यात बहुतेक वेळा सगळ्या सिस्टिमचं तेल भरून येतं. फक्त कॉम्प्रेसर बदलत असाल तर त्यातलं काढून जुन्याएवढंच ठेवा. जादा तेलानं कूलिंग कमी होतं. बेल्ट चढवण्याआधी कॉम्प्रेसर हातानं दहा-बारा वेळा फिरवा.

कूलिंग कॉइलचं काम उस्ताद सोबत असल्याशिवाय घेऊ नका. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, एअरबॅगची वायर असते, बॅटरीचं टर्मिनल आधी काढावं लागतं.

काम झालं की कोणते पार्ट बदलले, गॅस किती ग्रॅम, तेल कोणतं आणि किती, हे कागदावर लिहून बॉनेटखाली चिकटवा. ती गाडी पुढच्या वेळी कोल्हापूरला उघडेल किंवा मडगावला, आणि तिथल्या मिस्त्रीला तेवढं वाचून कामाला लागता येईल.