पोलंडमधल्या शहरांची नावं इंग्रजीत वापरताना या चुका टाळा

शिकायला किंवा नोकरीसाठी पोलंडला निघालेली आपली मंडळी नावांच्या बाबतीत दोन टोकं गाठतात. काही जण इंग्रजी बोलता बोलता मध्येच 'वार्शावा' म्हणतात, तर काही जण स्पेलिंग दिसेल तसं वाचून 'रोक्लॉ' आणि 'लॉड्झ' ठोकून देतात. पहिल्यात शहाणपणा मिरवल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात समोरच्याला शहरच कळत नाही, आणि हे जास्त वाईट.

इंग्रजीत ज्या नावाचं जुनं रूप रुळलेलं आहे, तिथे तेच वापरा: शहर वॉर्सॉ, नदी व्हिस्टुला, प्रांत सायलेशिया. मात्र तिकिटावर आणि स्टेशनच्या पाटीवर 'वार्शावा'च असेल. तिथे 'झाहोद्निया' म्हणजे पश्चिम स्टेशन आणि 'फ्स्होद्निया' म्हणजे पूर्व. घाईत ही दोन्ही नावं सारखी दिसतात आणि गाडी चुकते. क्राकूफचं स्पेलिंग 'के'नं करा, 'सी'चं आता जुनाट वाटतं. बाकी बहुतेक शहरांना वेगळं इंग्रजी नाव नाही, म्हणून तिथे पोलिश उच्चाराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ एका अक्षराचा: तिरकी रेघ मारलेला 'एल'. तो 'ल' नाही, इंग्रजी 'वॉटर'मधल्या 'व'सारखा आहे. साधा 'डब्ल्यू' म्हणजे आपला 'व', शब्दाच्या शेवटी 'फ'. 'ओ'वर तिरपी रेघ असली की 'उ'. एवढं कळलं की 'लॉड्झ'चं वूच होतं आणि 'रोक्लॉ'चं व्रोत्स्वाफ. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो: झाकोपाने म्हणताना 'पा'वर.

'सी'च्या बाबतीत मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे, पण इंग्रजीच्या वाटेनं गेल्यामुळे तो वाया जातो. 'घराचे' म्हणताना आपली जीभ दातांकडे जाते, 'घराची' म्हणताना टाळूकडे. पोलिशमध्ये नेमकं हेच होतं. कातोविचेमधला 'चे' 'घराचे'सारखा म्हणा आणि श्चेचिनमधला 'चि' 'घराची'सारखा. 'कॅटोवाइस' म्हणायची गरजच नाही. 'सी' आणि 'एच' जोडून आले, तर तो मात्र 'ह' असतो.

पुढची चूक नकाशावरून किंवा फलकावरून नाव उचलताना होते. पोलिशलाही विभक्ती आहेत. 'क्राकूफमध्ये' म्हणायचं तर 'फ क्राकोव्ये', 'वूचमध्ये' म्हणायचं तर 'व वोजी'. एखाद्या परदेशी माणसानं 'साताऱ्यात' वाचून शहराचं नाव 'साताऱ्या' समजावं, तसे आपले लोक सीव्हीत 'क्राकोव्ये' लिहून मोकळे होतात. इंग्रजीत नेहमी मूळ रूप लिहा.

ऑनलाइन फॉर्म पोलिश अक्षरं घेत नसेल, तर खुणा काढून साधी अक्षरं टाका. पण रेघवाला 'एल' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, 'एल' अधिक खूण असा तो तुटत नाही. त्यामुळे आपोआप खुणा काढणाऱ्या काही प्रणाली तो गिळून टाकतात आणि व्रोत्स्वाफच्या स्पेलिंगमध्ये भोक पडतं. पाठवण्याआधी तपासा आणि त्या जागी हातानं साधा 'एल' घाला.

एका बाबतीत मात्र चूक नुसती उच्चाराची राहत नाही. ओश्व्येंचिम हे आजचं, माणसं राहतात ते गाव. ऑशविट्झ हे नाझी जर्मनीच्या छळछावणीचं नाव. बसची वेळ बघताना पहिलं नाव लागेल, इतिहासाबद्दल लिहिताना दुसरं. या छावण्यांना इंग्रजीत 'पोलिश कॅम्प' कधीही लिहू नका. त्या व्याप्त पोलंडमध्ये जर्मनांनी उभारल्या होत्या, आणि म्हणूनच २००७ मध्ये युनेस्कोनं या वारसास्थळाच्या नावात 'जर्मन नाझी' हे शब्द घातले.

जुनी जर्मन नावं काळ बघून वापरा. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न १८८२ मध्ये जन्मले ते ब्रेस्लाऊत, हे बरोबर. आज तिथे शिकणारी मुलगी मात्र व्रोत्स्वाफमध्येच शिकते. ग्दाइन्स्क आणि डान्झिगचंही तसंच.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्याविषयी इंग्रजीत लिहिताना जन्मगावं आजच्या पोलंडच्या नकाशावर शोधू नका. त्यातले बरेच जण युद्धापूर्वीच्या पूर्व पोलंडचे होते, आणि तो भाग आता युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. ल्वूफ म्हणजे आजचं ल्विव, विल्नो म्हणजे विल्नियस. स्तानिस्वावूफ तर १९६२ पासून इवानो-फ्रान्किव्स्क झालं आहे. कागदावर असलेलं जुनं नाव तसंच ठेवा आणि पुढे 'आता युक्रेनमध्ये' किंवा आज जो देश असेल तो जोडा.