किमोनंतरचा काउंट: दिवस मोजा, रिपोर्ट वाचा

किमोचं सलाईन लागलं तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर 'एक' म्हणून लिहा. मोबाईलमध्ये नको, घरातल्या सगळ्यांना दिसला पाहिजे.

तीन आठवड्यांच्या सायकलमध्ये (एका किमोपासून पुढच्या किमोपर्यंत) पहिले पाच-सहा दिवस काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, बहुधा बरा असतो आणि घरचे निर्धास्त होतात. किमोचा घाव बसतो तो हाडांच्या पोकळीत, जिथे रक्तपेशी तयार होतात. आधीचा साठा संपेपर्यंत ही तूट रिपोर्टात उतरत नाही. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस. म्हणून न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट लवकर घसरतात, हिमोग्लोबिन सायकलगणिक हळूहळू उतरतं. बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला जातो आणि एकविसाव्याच्या सुमारास वर येतो. काही औषधांत तळ उशिरा येतो, तेव्हा आपला कधी ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर खूण करा.

सीबीसीचा (रक्तपेशी मोजायच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात आला की सगळे आधी हिमोग्लोबिन बघतात. बघायचा असतो एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची संख्या. तो छापलेला नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणा आणि 100 ने भागा. एकूण 2,400, न्यूट्रोफिल 30 टक्के, म्हणजे एएनसी 720. (काही मशीन 2.4 छापतात, ते 2,400च.) पुढच्या किमोसाठी साधारण 1,500 एएनसी आणि 1 लाख प्लेटलेट बघतात. नसतील तर आठवडाभर पुढे ढकलतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एएनसी 500 च्या खाली गेला तर मात्र जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

सगळ्यात मोठी चूक तापात होते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 42-43 ला टेकलेला असतो, अंग तापलं की 'ऊन लागलं असेल' म्हणून कांदा लावतात, पॅरासिटामॉल देतात. पांढऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, सूज फारशी येत नाही. ताप हीच काय ती खूण, आणि गोळीने तीही झाकली जाते. आधी थर्मामीटर लावा. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला निघा. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसतानाही निघा. दारातच सांगा, "किमो चालू आहे, आज अकरावा दिवस." अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. करमाळ्यासारख्या लांबच्या गावी असाल तर काउंट तळाला असतो त्या आठवड्यापुरती गाडी आधीच बोलून ठेवा.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे साठवलेलं पाणी उकळून, झाकून ठेवा आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्या. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा यंदा राहू द्या. प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर कडक भाकरी आमटीत भिजवून मऊ करा, नाहीतर हिरड्यांतून रक्त येतं. डाळिंब आपलंच आहे, घरी धुऊन, सोलून खुशाल खा. पण त्याने न्यूट्रोफिल वाढत नाहीत. डेंग्यूत देतात तो पपईच्या पानांचा रस इथे नको.

न्यूट्रोफिलचा काउंट वाढवायचं इंजेक्शन किमोनंतर 24 तास उलटल्याशिवाय घ्यायचं नाही. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे. दुकानातून आणताना बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बर्फ आणि खोका यांच्यामध्ये फडकं घाला. गोठलेलं इंजेक्शन वापरू नका. इंजेक्शन घेतल्यावर कंबर, मांड्यांची हाडं दुखतात. गोळी देण्याआधी ताप मोजा, नसेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, कारण प्लेटलेट आधीच कमी असतात.